हुगळीकाठचे लस्कर स्मारक

कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानाचे दक्षिण टोक जेथे हेस्टिंग्ज ह्या भागाला भिडते, तेथे नेपियर मार्गावर, हुगळी नदीपासून थोड्याच अंतरावर, सुमारे १०० फूट उंचीचा एक चौकोनी स्तंभ उभा आहे. त्याच्या उत्तरेस फोर्ट विल्यमचा किल्ला आहे. भारतीय सेनेने अलीकडे ह्या किल्ल्याला 'विजय दुर्ग' असे नाव दिले, ते कोकणकिनाऱ्यावरील मराठी आरमाराच्या विजयदुर्गावरून. जवळच १८४३ साली बांधलेला प्रिन्सेप घाट आणि १९९२ साली वाहतुकीस खुला झालेला विद्यासागर सेतू आहे. भारतीय नौदलाचे 'नेताजी सुभाष' हे ठाणेही ह्याच परिसरात आहे. व्हिक्टोरिया स्मारकाकडे लोटणाऱ्या गर्दीपैकी फार थोडे लोक ह्या स्तंभापर्यंत येतात. दुरून पाहणाऱ्याला तो एखाद्या मंदिराचा वा मशिदीचा अंश वाटावा अशी त्याची घडण आहे. वस्तुतः ते पहिल्या महायुद्धातील एक युद्धस्मारक आहे.

१९१४ ते १९१८ ह्या काळात ब्रिटिश जहाजांवर काम करीत असता मृत्यू पावलेल्या बंगाल व आसाम प्रांतांतील ८९६ लस्करांच्या स्मरणार्थ जहाज कंपन्यांनी व व्यापारी पेढ्यांनी हा स्तंभ उभारला. बंगालचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड लिटन ह्यांच्या हस्ते ६ फेब्रुवारी १९२४ रोजी त्याचे अनावरण झाले.

युद्धस्मारके बहुधा सेनापतींची, पलटणींची किंवा एखाद्या विख्यात युद्धनौकेची असतात. युद्धनौकेच्या स्मारकाला एक स्वाभाविक एकजिनसीपणा असतो. एक नौका, एक कप्तान, एक दिवस आणि एक समुद्र. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ बुडालेल्या 'खुकरी' ह्या भारतीय नौकेचे उदाहरण घ्यावे. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक हा तपशील निश्चित आहे, आणि दीव येथील टेकडीवरचे स्मारक त्या एकाच घटनेकडे बोट दाखविते. कोलकात्याच्या स्तंभाचा विषय तसा नाही. ज्यांची आठवण त्याने जपली ती माणसे एका नौकेवरची नव्हती. ती निरनिराळ्या कंपन्यांच्या जहाजांवर, निरनिराळ्या महासागरांत, चार वर्षांच्या अवधीत मरण पावली. ती काटेकोर अर्थाने नौसैनिकही नव्हती, तर व्यापारी जहाजांवरील मजूर होती. म्हणूनच ह्या स्मारकाचा अर्थ नुसत्या दर्शनाने लागत नाही. त्याच्या स्मरणलेखातील तीन गोष्टी, म्हणजे 'लस्कर' हा शब्द, 'बंगाल आणि आसाम' ही प्रांतांची नावे आणि '८९६' ही संख्या, एकेक करून उलगडाव्या लागतात.

'लस्कर' हा शब्द

मराठी वाचकाला 'लस्कर' हा शब्द अपरिचित वाटला तरी त्याचे मूळ रूप तो रोज वापरतो. फारसीतील 'लष्कर', म्हणजे सैन्य वा सैन्याची छावणी, हा शब्द मराठीत त्याच अर्थाने रूढ झाला. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी तो उचलला आणि हिंदी शिपाई व खलाशी अशा दोघांनाही लावला. पुढे इंग्रजांनी तो घेतला तेव्हा त्याचा अर्थ संकोच पावला, आणि युरोपी जहाजावर चाकरी करणारा आशियाई खलाशी तो 'लस्कर' असे समीकरण बनले. एकाच शब्दाचे दोन प्रवास झाले. एक मराठीत फौजेकडे गेला, दुसरा इंग्रजीतून जहाजाच्या भट्टीकडे.

लस्करांच्या जहाजी बोलीतील पुष्कळसे शब्दही कोकणच्या माणसाला ओळखीचे वाटतील. टोळीचा मुख्य तो 'सारंग'. हा शब्द फारसी 'सरहंग' ह्यापासून आला. त्याच्या हाताखाली 'तांडेल', ज्याचे नाव मुंबई-रायगडकडील कोळ्यांत आजही मानाचे आहे. सुकाणू धरणारा तो 'सुखाणी'. अरबी 'सुक्कान' ह्या एकाच मुळातून त्याची संज्ञा आणि मराठी 'सुकाणू' हे दोन्ही शब्द निघाले. कोठीवरचा 'कसाब', स्वयंपाकी 'भंडारी', झाडलोट करणारा 'टोपास'. यंत्रघरात 'तेलवाले', 'आगवाले' आणि 'कोयलावाले'. बंगाली, कोकणी, गुजराती, पंजाबी अशा भिन्नभाषी माणसांना एका जहाजावर वागविण्यासाठी ह्या संज्ञांची एक स्वतंत्र बोली तयार झाली होती, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनाही ती शिकावी लागे.

ह्या बोलीत सारंगाचे स्थान सर्वांत वरचे होते, ते केवळ नावापुरते नव्हते. जहाजाचा कप्तान लस्करांना सहसा प्रत्यक्ष हुकूम देत नसे. तो सारंगाला देई. माणसे गोळा करणे, त्यांना कामावर लावणे, त्यांची भांडणे मिटविणे ही सारी कामे सारंगाची. बहुधा तो आपल्याच गावची, आपल्याच नात्यागोत्यातील माणसे आणी. परिणामी एखादे जहाज बुडाले म्हणजे केवळ काही खलाशी बुडत नसत, तर एकाच खेड्यातील अनेक घरांचे कर्ते पुरुष एका दिवसात नाहीसे होत.

बंगाल आणि आसाम

स्मारकात बंगालबरोबर आसामचे नाव का यावे, हा प्रश्न साहजिक आहे. चहाच्या मळ्यांचा आणि डोंगरांचा आसाम समुद्रापासून दूर आहे. ह्याचे उत्तर सिल्हेट जिल्ह्यात सापडते. बंगाली भाषा बोलणारा हा जिल्हा १८७४ साली शासनाच्या सोयीसाठी आसामला जोडण्यात आला होता आणि, मध्यंतरीची फाळणीची वर्षे वगळता, १९४७ पर्यंत तो आसामातच राहिला. पावसाळ्यात ह्या जिल्ह्याचा मोठा भाग जलमय होतो. गावागावांतून होडीनेच हिंडावे लागते. नद्यांवर वाफेच्या आगबोटी सुरू झाल्यावर येथील शेतकऱ्यांची मुले त्यांच्या भट्ट्यांवर कोळसा टाकण्याच्या कामाला लागली, आणि नदीवरून समुद्रावर जाणे ही पुढची पायरी ठरली. त्यामुळे कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांच्या यंत्रघरांत सिल्हेटी माणसांचा भरणा झाला. डेकवरची माणसे प्रामुख्याने नोआखाली, चितगाव व संद्वीप बेट ह्या भागांतून येत.

मुंबई बंदराची विभागणी वेगळी होती. तेथे डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान व गुजरातचे खारवी, भट्टीवर पंजाबी व पठाण, आणि प्रवाशांच्या सेवेत व स्वयंपाकघरात गोव्याचे ख्रिस्ती असत. दोन्ही बंदरांचे दृश्य रूप भिन्न असले तरी पद्धत एक होती. गरीब प्रदेशातील शेतीवर पुरेसे पोट न भरणारी माणसे आणि त्यांना जहाजापर्यंत नेणारे मध्यस्थ ह्यांवर ती उभी होती.

कलकत्त्यात हे मध्यस्थ खिदिरपूरच्या गोद्यांभोवती वस्ती करून होते. १८९२ साली खुल्या झालेल्या ह्या गोद्यांच्या आसपास खलाशांच्या खाणावळी होत्या. त्यांचे मालक, म्हणजे 'बाडीवाले', कामाच्या प्रतीक्षेत असलेल्या माणसाला उधारीवर ठेवून घेत. काम लागले की उधारी, व्याज आणि दलाली त्याच्या आगाऊ वेतनातून वळती करून घेत. शिपिंग मास्टरच्या कचेरीत करारनाम्यावर अंगठा उमटविला की प्रवास सुरू. जुन्या नोकरीचा दाखला, खलाशांच्या भाषेत 'नली', हीच काय ती त्यांची मालमत्ता. १९२० साली जिनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने खलाशांच्या भरतीतील दलालीविरुद्ध ठराव केल्यानंतर, १९२२ साली हिंदुस्थानात ह्या प्रश्नाची चौकशी करणारी समिती बसली. ह्या दलालीची वेळीच चौकशी झाली असती तर स्तंभाच्या अनेक धन्यांना अडचणीचे प्रश्न विचारले गेले असते.

लस्कर कंपन्यांना हवेसे होते, त्याचे कारण उघड होते. त्यांचे वेतन युरोपी खलाशाच्या वेतनाच्या एक तृतीयांश ते एक पंचमांश इतकेच असे. त्यांच्यासाठी वेगळा करारनामा होता आणि त्यात राहण्याची जागा कमी, शिधाही निराळा व स्वस्त असे. युद्धाच्या प्रारंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ५१ हजारांहून अधिक लस्कर होते. म्हणजे ढोबळमानाने दर सहा खलाशांत एक.

पाण्याच्या पातळीखाली

युद्धाची झळ कलकत्त्याला अगदी आरंभीच लागली. सप्टेंबर १९१४ मध्ये 'एम्डेन' ही जर्मन क्रूझर बंगालच्या उपसागरात शिरली. दहा तारखेला तिने कलकत्त्याहून मुंबईला निघालेले 'इंडस' हे जहाज पकडून बुडविले, आणि पुढील चार दिवसांत हुगळीच्या मुखाबाहेरील मार्गावर आणखी जहाजे तिच्या हाती लागली. तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर जहाज बुडविण्यापूर्वी त्यावरील माणसांना उतरवून घेत असे. पकडलेल्यांपैकी 'कबिंगा' हे जहाज त्याने सोडून दिले आणि इतर जहाजांवरील माणसे त्यातून कलकत्त्यास सुखरूप परतली. बंदरातील वाहतूक काही काळ थांबली, विम्याचे दर वाढले. परंतु प्राणहानी जवळजवळ झाली नाही. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ 'सिडनी' ह्या ऑस्ट्रेलियन क्रूझरने 'एम्डेन'चा शेवट केला.

पाणबुडीने हे सारे बदलले. पाणबुडीत बंदी ठेवण्यास जागा नसते आणि पृष्ठभागावर येऊन इशारा देणे तिच्याच जिवावर बेतू शकते. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात क्रीट बेटाच्या दक्षिणेस 'पर्शिया' हे मुंबईकडे येणारे प्रवासी जहाज इशारा न देता पाणतीराने फोडण्यात आले. ते काही मिनिटांत बुडाले. जहाजावरील ५१९ माणसांपैकी ३४३ दगावली आणि त्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध पुकारले. त्या वर्षीच्या एकट्या एप्रिल महिन्यात दोस्त व तटस्थ राष्ट्रांची मिळून आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. हिंदुस्थानचा किनाराही सुरक्षित उरला नाही. 'वोल्फ' ह्या जर्मन हल्लेखोर जहाजाने मुंबई आणि कोलंबोबाहेर पेरून ठेवलेल्या सुरुंगांवर आदळून जून १९१७ मध्ये मुंबईजवळ 'मंगोलिया' हे जहाज बुडाले.

पाणतीर जहाजाच्या मध्यभागी, पाण्याच्या पातळीखाली लागावा असा नेमला जातो, कारण यंत्रघर व बाष्पके तेथेच असतात. आगवाला आणि कोयलावाला ह्यांची कामाची जागाही नेमकी तीच. बाहेर हिवाळ्यातील उत्तर अटलांटिक असो वा तांबडा समुद्र, भट्टीसमोर चार तासांची पाळी उघड्या अंगाने करावी लागे. कोठारातून कोळसा ओढून आणणे, तो भट्टीत पसरणे, राख बाहेर काढणे हे काम अखंड चाले, कारण वाफेचा दाब उतरला तर जहाजाचा वेग उतरे आणि वेग उतरला तर पाणबुडीला सावज मिळे. पाणतीर लागताच आधी दिवे जात, मग फुटलेल्या नळ्यांतून वाफ आणि फुटलेल्या तळातून पाणी येई. वर जाण्याचा मार्ग लोखंडी शिड्यांचा. डेकवरच्या माणसाला तराफा गाठण्याची काही संधी होती. भट्टीवरच्या पाळीला ती फारशी नसे. जे पाण्यात उड्या टाकत त्यांतील उष्ण प्रदेशातील माणसे थंडीने गारठून मरत. पाळी कोणाची आणि जागा कोणती, ह्यावर मरण ठरत होते, आणि त्या जागा सिल्हेटच्या माणसांच्या होत्या.

सर्वच लस्कर समुद्रात गेले नाहीत. बंगालच्या नद्यांवरील आगबोटी मेसोपोटेमियातील मोहिमेसाठी बसऱ्याला पाठविण्यात आल्या. त्यांवरील माणसांना तैग्रिस नदीत उष्मा व रोगराई सोसावी लागली. काहींचे नशीब आणखीच विचित्र होते. ब्रेमेनची 'हान्सा' ही जर्मन कंपनीही कलकत्त्यात लस्कर भरती करीत असे. युद्ध पुकारले गेले तेव्हा जर्मन बंदरांत असलेले लस्कर एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे प्रजाजन ठरले आणि बंदिवासात पडले. बर्लिनजवळील छावण्यांत ठेवलेल्या युद्धकैद्यांच्या आवाजाचे नमुने जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी १९१५ ते १९१८ ह्या काळात तबकड्यांवर नोंदविले. त्यांत बंगाली बोलणाऱ्यांचेही आवाज आहेत. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आजही जपून ठेवलेल्या आहेत.

ह्या युद्धात एकूण सुमारे ३,४०० लस्कर मृत्यू पावले आणि सुमारे १,२०० कैद झाले असे मानले जाते. मृतांच्या कुटुंबांना काय मिळाले हे समजण्यासाठी कायद्याची एक तरतूद पुरेशी बोलकी आहे. १८९४ च्या ब्रिटिश व्यापारी नौकानयन कायद्याप्रमाणे जहाज बुडाले की खलाशाचा करार त्या दिवशी संपे आणि त्या दिवसापर्यंतचेच वेतन त्याला देय ठरे. हा नियम गोऱ्या खलाशालाही लागू होता. ज्याचे वेतन मुळातच त्याच्या एक पंचमांश होते, त्याच्या घरी त्याचा परिणाम काय झाला असेल हे सांगावयास नको.

स्तंभाचे शिल्प

विल्यम इन्ग्रॅम कीर ह्या वास्तुविशारदाने स्मारकाचा आराखडा केला. त्या काळी युद्धस्मारकांसाठी युरोपातील ग्रीक-रोमन शैली अथवा कोरा शोकस्तंभ ही परिचित रूपे होती. कीर ह्यांनी पौर्वात्य शैली स्वीकारली. स्तंभाच्या चारही अंगांना प्राचीन जहाजाची नाळ, म्हणजे पुढचा निमुळता भाग, बाहेर काढलेली आहे. चार बाजूंना निघालेल्या ह्या चार नाळांमुळे स्तंभ कोठूनही पाहिला तरी एक जहाज आपल्याकडे येत असल्याचा भास होतो. खालच्या भागात नागमोडी रेषा कोरलेल्या आहेत. त्या लाटा सुचवितात. वरच्या भागात पुढे आलेले सज्जे, त्यांवर चार लहान मिनार आणि शिरोभागी सोनेरी मुलाम्याचा घुमट आहे. प्रवेशद्वार उत्तरेस असून त्यावर छज्जा व जाळीकाम आहे.

ह्या रचनेत कीर ह्यांनी एक उचित विचार केलेला दिसतो. मृत खलाशांपैकी बहुसंख्य मुसलमान होते. त्यांची कबर बांधता येत नव्हती, कारण देहच हाती आले नव्हते. घुमट आणि मिनार ह्यांनी स्तंभाला कबरीच्या इमारतीचे काहीसे रूप दिले, तर नाळ आणि लाटा ह्यांनी ती कबर समुद्रात असल्याचे सांगितले. मात्र शिल्पात एक उणीवही आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. चारही नाळा शिडाच्या व वल्ह्यांच्या प्राचीन जहाजांच्या आहेत. ज्या जहाजांवर ही माणसे मेली ती लोखंडी, कोळशाच्या धुराने काळवंडलेली आगबोटींची जात होती. भट्टी, फावडे, राखेची बादली ह्यांपैकी काहीही स्तंभावर नाही. जहाज दिसते, काम दिसत नाही.

आकडा आणि नावे

स्मरणलेखात मुख्य स्थान ८९६ ह्या संख्येला आहे. त्याच कोलकात्यात, महाविद्यालय चौकात, ४९ व्या बंगाली पलटणीचे स्मारक आहे. शिक्षित तरुणांच्या ह्या पलटणीतील मृतांची नावे तेथे कोरलेली आहेत. शिपाई नावाने आठवला जावा आणि लस्कर संख्येने, हा भेद केवळ एका शहरापुरता नव्हता.

युद्धानंतर साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने प्रत्येक मृताचे नाव कोरण्याचे तत्त्व स्वीकारले होते. लंडनमध्ये टॉवर हिल येथे व्यापारी खलाशांसाठी एडविन लट्येन्स ह्यांनी बांधलेल्या स्मारकाचे १९२८ साली अनावरण झाले आणि त्यावर सुमारे १२ हजार नावे कोरली गेली. भारतीय खलाशांची नावे मात्र त्यांत नाहीत; त्यांची नोंद मुंबईत व्हावी असे ठरले. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय सेनेच्या अधिकाऱ्यांची नावे आली, पण साध्या शिपायांची केवळ संख्या. २०२१ साली ह्याच आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात मान्य केले की, आशिया व आफ्रिकेतील हजारो मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि लाखाहून अधिक मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत. आकड्यावर भागविण्याची सवय त्या काळाच्या कारभारातच मुरलेली होती.

लस्करांच्या बाबतीत ह्या सवयीला भरतीच्या पद्धतीने हातभार लावला. माणूस सारंगाच्या टोळीतला एक म्हणून जहाजावर चढे. कारकून त्याचे नाव कानावर पडेल तसे रोमन लिपीत उतरवी. एकाच नावाची चार रूपे होत आणि चार माणसांचे एक नाव होई. गाव आणि बापाचे नाव लिहिले गेले तर गेले. जहाजाबरोबर सारंगही बुडाला की कोण कोणाचा हे सांगणाराच उरत नसे.

तरीही नावे सर्वस्वी लोपली नाहीत. मुंबईत मस्जिद बंदराजवळील भारतीय खलाशांच्या निवासगृहात १९१४ ते १९१८ ह्या युद्धाचे स्मारक आहे. समुद्राखेरीज अन्य कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद त्यात नाव, हुद्दा आणि जहाज अशा स्वरूपात आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मृत्यू पावले. त्यांची नोंदही त्याच वास्तूत आहे आणि तिची दुसरी प्रत चितगाव येथे ठेवण्यात आली आहे. अशा रीतीने ह्या माणसांची आठवण तीन ठिकाणी विभागली गेली. त्यांचा स्तंभ कोलकात्यात आहे, त्यांच्यासारख्यांच्या नावांची नोंद मुंबईत आहे, आणि त्यांची बहुतेक गावे १९४७ च्या फाळणीनंतर भारतात उरलेली नाहीत. सिल्हेटचा बहुतांश भाग सार्वमताने पूर्व पाकिस्तानात गेला. नोआखाली व चितगावही गेले. १९७१ पासून ती सारी गावे बांगलादेशात आहेत.

स्तंभाचा उत्तरकाळ

अनावरणानंतर पुढच्याच वर्षी, १९२५ साली, ब्रिटनने कृष्णवर्णीय परदेशी खलाशांवर नोंदणीची सक्ती करणारा हुकूम काढला. आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदोपत्री सिद्ध करण्याचा भार खलाशावरच टाकण्यात आल्याने त्या हुकमाची झळ हिंदी लस्करांनाही पोहोचली. ज्यांच्या मृत बांधवांसाठी हुगळीकाठी स्तंभ उभा राहिला, त्यांना इंग्लंडच्या बंदरांत परके ठरविले जाऊ लागले. कंपन्यांचे ऋणनिर्देश आणि सरकारचे कायदे ह्यांची दिशा एक नव्हती, हे लक्षात ठेवूनच स्तंभाकडे पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर स्तंभाला वाली उरला नाही. ज्या कंपन्यांनी तो बांधला त्या हळूहळू शहरातून गेल्या, कोळशाची जहाजे संपली आणि खिदिरपूरच्या खाणावळींचे दिवसही पालटले. घुमट मळला, भोवती झाडी माजली. १९९४ च्या सुमारास नौदलाचे कमोडोर बी. के. मोहंती ह्यांनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार करविला. व्यापारी जहाजांवरच्या मजुरांचे स्मारक स्वतंत्र भारताच्या नौदलाने आपले मानून सांभाळावे, ह्यात एक न्याय आहे. जिवंतपणी त्यांना नौसैनिकाचा हुद्दा, वेतन किंवा निवृत्तिवेतन मिळाले नाही, पण त्यांनी वाहून नेलेल्या सैन्यावाचून, धान्यावाचून आणि कोळशावाचून कोणतेही नौदल लढू शकले नसते.

स्तंभ आता सुस्थितीत आहे. उरलेले काम दगडाचे नसून दप्तराचे आहे. मुंबईच्या नोंदी, जहाजांचे करारनामे आणि बांगलादेशातील गावांच्या आठवणी एकत्र ताडून पाहिल्या, तर ८९६ ह्या आकड्यातील किती माणसांना पुन्हा बापाचे नाव आणि गाव देता येईल, हा अभ्यासकांपुढील प्रश्न आहे. तो अशक्य नाही. जहाजाचे नाव आणि बुडाल्याचा दिवस हाती असला की टोळीचा माग लागतो. टोळीवरून सारंग आणि सारंगावरून गाव. ज्या साखळीने ही माणसे समुद्रावर नेली, तीच उलट दिशेने धरत गेल्यास त्यांच्या घरापर्यंत पोहोचता येते.